आजींच्या चेहऱ्यावरचा उजेड

(दृश्य: बडोदा, दांडिया बाजार. जुन्या वाड्याचा चौक, डिसेंबरची सकाळ.)

पुढच्या महिन्यात आजींचं सहस्रचंद्रदर्शन. पत्रिकेसाठी फोटो हवा, म्हणून मी मे महिन्यातच एकदा येऊन गेलो होतो. दुपारी बाराला, भर चौकात. ते फोटो बघवत नाहीत. कपाळ पांढरंफटक, नाकाखाली सावलीचा डाग आणि डोळ्यांच्या जागी नुसत्या काळ्या खोबण्या. आजींनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "अरे, माझे डोळे कुठे गेले?"

चूक माझीच. बडोदा कर्कवृत्ताच्या जरासं दक्षिणेला आहे. मेअखेर, जूनमध्ये मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. तोही घड्याळाच्या बाराला नाही. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, बडोदा ७३ अंशांच्या आसपास. त्यामुळे इथे सूर्य माथ्यावर यायला साडेबारा होतात.

मग संध्याकाळी या, असं कुणीही सांगेल. मावळतीचं सोनेरी ऊन सुंदरच असतं, पण ते थांबत नाही. सूर्य क्षितिजापासून सहा अंशांवर आला, की मावळेपर्यंत जेमतेम अर्धा तास उरतो. सुरसागरच्या काठावर, मोकळ्या पाण्याशेजारी, तो अर्धा तास पुरतो. दांडिया बाजारच्या बोळात ते ऊन समोरच्या इमारतीवरच अडतं. शिवाय ते थेट डोळ्यांत येतं, आणि ऐंशी ओलांडलेल्या माणसाला ऊन बघत बसवणं मला पटत नाही.

लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातल्या संग्रहालयात राजा रविवर्म्यांची चित्रं आहेत. मी तिथे चेहरे बघायला जातो. उजेड एका बाजूने येतो आणि गालावरून हळूहळू सावलीत विरतो. तसा उजेड कुठे मिळेल, हे शोधत मी या वाड्यात तीन सकाळी नुसता बसून राहिलो.

(दृश्य: पश्चिमेची भिंत, वरच्या भागावर ऊन.)

आता नऊ वाजलेत. सूर्य आग्नेयेला आहे. चौकात ऊन उतरलेलं नाही, पण समोरच्या भिंतीचा वरचा भाग उजळलाय. चुन्याचा पांढरा रंग तो उजेड खाली पाठवतो. पूर्वेच्या ओसरीत, छपराखाली, आजी भिंतीकडे तोंड करून बसल्या आहेत. वरून आभाळाचा निळसर उजेड येतोय, समोरून भिंतीचा उबदार. कुठेही कडक सावली नाही.

"आजी, पाट जरा पुढे घेऊ का?"

"घे की. पण नथ सरळ आहे ना, ते बघ आधी."

पाट दोन वीत पुढे सरकवला आणि छपराची सावली कपाळावरून गेली. सुरकुत्या दिसतात, पण खोदल्यासारख्या नाहीत. नथीच्या मोत्यावर एक बारीक उजेड, आणि दोन्ही डोळ्यांत त्या भिंतीचा छोटा पांढरा चौकोन.

माजघरातून कुणीतरी हाक मारली. आजींनी मान न वळवता फक्त नजर वर केली. तेव्हा मी बटण दाबलं.

दहाला ऊन तुळशीवृंदावनापर्यंत आलं. आम्ही कॅमेरा आवरला आणि चहाला बसलो.