पेटीवाल्याचं नाव काय?

नमस्कार मंडळी! समितीनं मला दहा मिनिटं दिल्यात आणि विषय दिलाय दुर्लक्षित अल्बम आणि दुर्लक्षित कलाकार. हे कळल्यावर परवा फोनवर तिघांनी विचारलं, म्हणजे बेळगावकर आहात तर कुमार गंधर्वांवर बोलणार ना? नाही बोलणार. १९२४ साली आमच्या सुळेभावीत जन्मले याचा अभिमान आहेच, पण कुमारांना दुर्लक्षित म्हटलं तर तुम्हीच मला खाली बसवाल. मी बोलणार आहे कुमारांसारख्या गायकांच्या शेजारी पेटी, म्हणजे हार्मोनियम, घेऊन बसणाऱ्या माणसांबद्दल.

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या त्या जुन्या रेकॉर्डी आठवतायत? एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचं गाणं, लेबलवर गाणाऱ्याचं नाव, रागाचं नाव, आणि पेटी कुणी वाजवली ते बहुतेक वेळा नाहीच. पुढं एलपी आल्या, कॅसेटी आल्या, तेव्हा नाव आलं पण मागच्या बाजूला, बारीक टायपात. दुसऱ्यांना कशाला नावं ठेवू, दोन वर्षांपूर्वी इथल्याच एका कार्यक्रमाचं फ्लायर मी केलं होतं त्यात गायिकेचा फोटो हा एवढा, आणि पेटीवाल्याचं नाव टाकायलाच विसरलो! तो बिचारा चार तास गाडी चालवून आलेला. काही बोलला नाही, हसला नुसता.

तर आमचे पंडित रामभाऊ विजापुरे. जन्म १९१७, बेळगाव जिल्ह्यातल्या कागवाडचा. मराठीत विजापुरे, कन्नडमध्ये बिजापुरे, त्यामुळे नेटवर शोधताना दोन्ही टाकून बघा, नाहीतर निम्मं हाताला लागतच नाही (सीमाभागातल्या माणसाचं असंच असतं, सगळं दोन-दोनदा शोधायचं). बेळगावात त्यांनी श्रीराम संगीत महाविद्यालय चालवलं, गाणं आणि पेटी दोन्ही शिकवलं, आणि मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, भीमसेनजी अशा एकेकाला साथ केली. २०१० मध्ये गेले, वय ९३.

आता एक हिशेब बघा की. १ मार्च १९४० ला ऑल इंडिया रेडिओनं पेटीवर बंदी घातली. कारण काय, तर विलायती वाद्य, सूर बांधलेले, मींड (एका सुरावरनं दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं) निघत नाही, श्रुती (सुरांच्या मधल्या बारीक जागा) मिळत नाहीत. टागोरांनाही पेटी आवडायची नाही, त्यांनी रेडिओला तसं पत्र लिहिलं होतं. ही बंदी उठली १९७१ ला, तीही साथीपुरती, एकट्यानं वाजवायला त्यानंतरही मनाईच. म्हणजे बंदी आली तेव्हा रामभाऊ २३ वर्षांचे, सैल झाली तेव्हा ५४ चे! ज्या वयात माणूस रेडिओवरनं घराघरात पोचतो ते सगळं वय त्यात गेलं. धारवाडला १९५० मध्ये स्टेशन सुरू झालं, बेळगावपासनं जेमतेम ऐंशी किलोमीटर, पण पेटीला तिथंही दार बंदच. विठ्ठलराव कोरगावकर म्हणून बेळगावचेच आणखी एक मोठे पेटीवादक, त्यांचं नाव तर इथं हॉलमध्ये किती जणांनी ऐकलंय? हात वर करा. बघा, दोन.

बरं, मींड निघत नाही ही तक्रार खोटी नाही. पण मला विचाराल तर सगळी कला तिथंच आहे. मी लहानपणी बेळगावच्या शहापुरात मास्तरांकडं वर्षभर पेटी शिकायला जात होतो, आणि आमच्या पावसात पेटी अशी सादळायची की एक पट्टी दाबली की ती वर येतच नसे, मग मास्तर पेटीचं झाकण उघडून आत बल्ब लावून ठेवायचे, आणि आम्ही पोरं त्या उजेडात भात्याच्या घड्या बघत बसायचो. ते म्हणायचे, भाता ओढू नको, त्याला श्वास घेऊ दे. गाणारा पुढं कुठं जाणार हे साथ करणाऱ्याला ठाऊक नसतं, तो केसभर मागनं येतो, कणस्वर (मुख्य सुराआधी निसटता लावलेला सूर) लावून मींडेचा भास करतो, आणि गाणारा दम घ्यायला थांबला की तेवढ्या फटीत त्याचीच शेवटची जागा अलगद धरून ठेवतो. धरून ठेवतो, पुढं नेत नाही. पुढं नेली की गाणारा वळून बघतो, आणि ती नजर काय असते ते मला ठाऊक आहे, मी खाल्लेली आहे.

जाता जाता, आमच्याच जिल्ह्यातल्या मुरगोडचे बाळप्पा हुक्केरी. कन्नड लोकगीतं आणि भावगीतं गायचे, तिकडं त्यांना हजार गाण्यांचा सरदार म्हणतात. आपण मराठी म्हणून ऐकलं नाही, तोटा आपलाच की. शब्द कळले नाहीत तरी चालतंय, ठेका कळतो.

चहा आलाय वाटतं, तर मी थांबतो आणि रामभाऊंच्या साथीचं एक रेकॉर्डिंग लावतो. साउंडवाल्या दादांना एक विनंती, नेहमीसारखी पेटी कमी करू नका. आणि मंडळी, गाणाऱ्याकडं बघू नका, त्यांच्या डाव्या हाताला बघा, म्हणजे तुमच्या उजवीकडं.