दुसरा जोड

[दृश्य: दोरीवर टांगलेला सदरा. पाणी ठिबकतंय.]

हा सदरा ज्याचा आहे तो आत उघड्या अंगाने बसलाय. सदरा वाळेपर्यंत त्याला तसंच बसायचंय, कारण दुसरा जोड नाही.

तुरुंगातली स्वच्छता म्हटलं की साबण आणि पाणी आठवतं. दोन्ही हवंच. पण कपडा धुवायचा तर तो अंगावरून उतरवावा लागतो, आणि उतरवला की घालायला काहीतरी लागतं. एकाच जोडावर दिवस काढणारा माणूस धुणं पुढे ढकलत राहतो, नाहीतर ओलंच अंगावर चढवतो. मग जांघेत नायटा धरतो.

[दृश्य: उलटा केलेला सदरा. शिवणीवरून सरकणारं बोट.]

इथे बघा, या शिवणीत. अंगावरची ऊ म्हणतो खरं, पण तिचं बिऱ्हाड कपड्यात असतं. अंडीही तिथेच. रक्त प्यायला तेवढी ती कातडीवर येते. त्यामुळे अंग कितीही घासलं आणि पुन्हा तोच सदरा घातला, तर अंघोळ फुकट.

ही ऊ टायफस पसरवते. टायफॉइड वेगळा, नावांमुळे घोळ होतो. इंग्लंडमध्ये या आजाराला ‘तुरुंगाचा ताप’च म्हणत. १७५० मध्ये लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात तो कैद्यांबरोबर शिरला आणि न्यायाधीशच काय, शहराच्या लॉर्ड मेयरचाही बळी घेऊन गेला. १७७४ मध्ये संसदेने कैद्यांच्या आरोग्यासाठी कायदा केला. भिंतींना चुना लावा, अंघोळीची सोय करा. उवेकडे मात्र कुणाचं लक्ष नव्हतं. तिचा माग लावला शार्ल निकोल या फ्रेंच डॉक्टरांनी, १९०९ मध्ये, उत्तर आफ्रिकेतल्या ट्युनिसला. रुग्णाचे कपडे उतरवून त्याला अंघोळ घातली, की वॉर्डात ताप पसरत नसे. ते कपडे हाताळणारे मात्र आजारी पडत.

[दृश्य: घडी घातलेल्या कपड्यांची चळत.]

संयुक्त राष्ट्रांच्या कैद्यांविषयीच्या किमान नियमांत आज कपड्यांना स्वतंत्र नियम आहे, एकोणिसावा. कपडे हवामानाला साजेसे हवेत, स्वच्छ हवेत, आणि आतले कपडे आरोग्याला गरज असेल तितक्या वेळा बदलून, धुवून मिळायला हवेत. कपड्यांनी माणसाची मानहानी होता कामा नये, असंही त्यात आहे. २०१५ पासून या नियमांना मंडेलांचं नाव आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या रॉबेन बेटावरच्या तुरुंगात त्यांना, कृष्णवर्णीय म्हणून, आखूड चड्डी दिली होती. भारतीय वंशाच्या कैद्यांना मात्र पूर्ण पँट.

महिला कैद्यांसाठी २०१० चे बँकॉक नियम आहेत. सॅनिटरी पॅड मोफत द्यावेत, असं ते सांगतात. आमच्या मते पैशांइतकाच प्रश्न मागण्याचा आहे. दर वेळी पहाऱ्यावरच्या माणसापुढे हात पसरून पॅड मागावा लागत असेल, तर तो मोफत असून काय उपयोग?

[दृश्य: फाटकाजवळची खोली. गाठोडी, त्यांवर क्रमांक.]

आत येताना काढून घेतलेले कपडे इथे ठेवलेले असतात. सुटताना ते परत मिळतात. भर उन्हाळ्यात आलेला माणूस कडाक्याच्या थंडीत सुटला, तर गाठोड्यातून तोच पातळ सदरा निघतो. सुटणाऱ्याला ऋतूप्रमाणे पुरेसे कपडे द्यावेत, असाही एक नियम मंडेला नियमांत आहे. क्रमांक १०८.

[दृश्य: फाटक उघडतं. धुकं.]