केकवर उभा राहणारा मण्यांच्या तारेचा टॉपर कसा घडवावा

नमस्कार. बारसे असो, साखरपुडा असो किंवा आई-वडिलांच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस असो, बेळगाव, खानापूर, निपाणी या आपल्या भागातील कितीतरी कार्यक्रमांत आता केक असतो, आणि त्यावर तारेत गुंफलेल्या मण्यांचा चमचमता टॉपर हवा, अशी मागणी घरी केक करणाऱ्या भगिनींकडे येत असते. तो कसा घडवायचा, हे आज आपण पाहू. नावाची अक्षरे आणि केकमध्ये जाणारा देठ या दोन गोष्टींवर मी अधिक वेळ देणार आहे, कारण बहुतेक टॉपर तिथेच फसतात.

तार दोन जाडीची घ्यावी. मण्यांच्या फांद्यांसाठी सुमारे ०.४ मिलिमीटरची आणि मुख्य देठासाठी १ मिलिमीटरची तार पुरते. दुकानात जाडी गेजमध्ये सांगतात. गेजचा आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक, हे लक्षात ठेवावे. हस्तकलेसाठी मिळणारी, मुलामा दिलेली तांब्याची तार हाताला मऊ असते आणि पीळ चांगला धरते. हार्डवेअरच्या दुकानातील लोखंडी बाइंडिंग तार स्वस्त असली तरी वापरू नये. फ्रिजमधून बाहेर काढलेल्या केकवर आणि टॉपरवर दव धरते, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तर लोखंड गंजायला वेळ लागत नाही.

मण्यांच्या बाबतीत वजनाचा हिशेब आधी करावा. मण्याचा व्यास दुप्पट झाला की वजन आठपट होते. म्हणजे ८ मिलिमीटरचा काचेचा एक मणी ४ मिलिमीटरच्या आठ मण्यांइतका जड असतो. व्हिप क्रीमचा मऊ केक असा भार पेलत नाही आणि टॉपर हळूहळू एका बाजूला कलतो. म्हणून मोठे मणी ॲक्रिलिकचे घ्यावेत, कारण ते काचेच्या निम्म्याहूनही हलके असतात, आणि चमक देणारे लहान पैलूदार मणी मात्र काचेचेच ठेवावेत. मणी एकमेकांना चिकटवून बसवले की चमक वाढते, असे अनेकांना वाटते. माझे मत नेमके उलट आहे. पैलूंवर उजेड पडायला आणि परतायला मोकळी जागा लागते, त्यामुळे दोन मण्यांमध्ये निदान एका मण्याइतके अंतर सोडलेला टॉपर दिव्याखाली अधिक खुलतो.

आता फांदी. साधारण ६० सेंटिमीटर बारीक तार कापून तिच्या मध्यावर एक मणी ओवावा, दोन्ही टोके एकत्र खाली आणावीत, तार बोटांत स्थिर धरावी आणि मणी फिरवत जावे. तार फिरवण्यापेक्षा मणी फिरवल्याने पीळ एकसारखा बसतो. दोन-तीन सेंटिमीटर पीळ झाला की एका टोकात दुसरा मणी ओवून त्याची छोटी उपफांदी करावी, मग दुसऱ्या टोकाला तसेच करावे आणि पुन्हा दोन्ही टोके एकत्र पिळावीत. तांबे जितके वाकवावे तितके कडक होत जाते. म्हणून बसलेला पीळ उलगडून पुन्हा घालू नये, कारण तार बहुधा त्याच जागी तुटते.

नावाचा टॉपर करताना आपल्या सीमाभागात एक सुंदर अडचण येते. एकाच साखरपुड्यात मुलीचे नाव मराठीत आणि मुलाचे कन्नडमध्ये हवे असते, आणि या दोन लिपी तारेला अगदी वेगळ्या रीतीने सामोऱ्या जातात. देवनागरीत शिरोरेषा हाच नावाचा कणा असतो. ती दीड मिलिमीटरच्या ॲल्युमिनियम तारेची, सलग आणि दुहेरी करावी, म्हणजे सगळी अक्षरे तिला टांगता येतात. ग, ण, श या अक्षरांचा काना तर उरलेल्या अक्षराला केवळ शिरोरेषेनेच जोडलेला असतो, त्यामुळे तिथली बांधणी घट्ट हवी. देठही शिरोरेषेलाच मागच्या बाजूने बांधावेत. कन्नड अक्षरांची गोलाई तारेला फार मानवते, एका तुकड्यात अक्षर वळवता येते, पण प्रत्येक अक्षर सुटे उभे असते. म्हणून त्यांच्याखाली एक आडवी तार आधार म्हणून द्यावी लागते, आणि जोडाक्षराचा दुसरा भाग अक्षराच्या खाली उतरत असल्याने ही तार तेवढी जागा सोडून खाली घ्यावी. दोन्ही नावे आधी कागदावर हव्या त्या आकारात काढून घ्यावीत आणि तार त्या रेषेवर ठेवतच वळवावी. मणी केवळ दर्शनी बाजूला यावेत, यासाठी प्रत्येक मण्यानंतर बारीक तारेचे दोन वेढे द्यावेत.

आता देठाकडे येऊ. तार केकमध्ये थेट कधीही खोचू नये. तिच्यावरचा मुलामा, रंग आणि काही क्रिस्टल मण्यांच्या काचेतील शिसे, यांपैकी काहीही अन्नाला लागता कामा नये. फुलांच्या देठांना गुंडाळायची हिरवी टेप लावली की पुरे, असा समज आहे; पण ती टेप मेण लावलेल्या कागदाची असते, ती ओल अडवत नाही आणि खाण्याच्या पदार्थासाठी बनवलेलीही नसते. केकसाठी खास मिळणारी, तळाशी बंद असलेली टोकदार नळी घ्यावी, तिच्यात थोडा फोंडंट, म्हणजे केक सजवायचा साखरेचा मळलेला गोळा, भरावा आणि मग देठ आत उभा करावा, म्हणजे तो हलत नाही. अशी नळी मिळाली नाही, तर खाद्यपदार्थांसाठीची कागदी स्ट्रॉ वितळलेल्या चॉकलेटमध्ये बुडवून वाळवावी, तिचे खालचे तोंडही चॉकलेटनेच बंद करावे आणि मगच वापरावी. नळी पाच-सहा सेंटिमीटर आत गेली पाहिजे आणि तिची कड क्रीमच्या थोडी वर राहिली पाहिजे. सर्वांत खालचा मणीही क्रीमपासून दोन बोटे वर असावा.

केक पोहोचवताना टॉपर वेगळ्या डब्यात न्यावा आणि कार्यक्रमाच्या जागीच बसवावा; आपल्या रस्त्यांवरच्या गतिरोधकांवर उंच टॉपर टिकत नाही. केक कापण्याआधी नळ्यांसकट टॉपर सरळ वर उचलून काढायचा आहे, हे यजमानांना स्पष्ट सांगावे, विशेषतः लहान मुले असतील तेव्हा, कारण सुटलेला मणी घशात अडकू शकतो. डब्याच्या झाकणावर किती नळ्या खोचल्या आहेत तो आकडा लिहून द्यावा, म्हणजे सुरी लावण्यापूर्वी तेवढ्याच बाहेर आल्या की नाहीत, हे त्यांना मोजून घेता येते.