‘इथेच का?’ या प्रश्नाची तयारी

नमस्कार. समोर निम्मी मंडळी शेवटच्या वर्षाची दिसतायत आणि निम्मी एकदोन नोकऱ्या करून आलेली. दोघांचीही गाडी एकाच प्रश्नावर अडते, म्हणून आज तेवढंच घेऊ या. “तुम्हाला ही नोकरी का हवी आहे?” हा प्रश्न कधी सरळ येतो, कधी ‘व्हॉट मोटिव्हेट्स यू’ अशा कपड्यात येतो, आणि कधी समोरचा तुमच्या बायोडेटावरून नजर उचलून नुसतं म्हणतो, “मेकॅनिकल करून बँकेत?”

आधी टेबलाच्या पलीकडे बसून पाहा. मुंबईत भरती करणाऱ्याला कसली धास्ती असते? उमेदवार ऑफर लेटर घेतो, जॉइनिंगची तारीख ठरते आणि त्या दिवशी तो येतच नाही, कारण तेच पत्र दाखवून त्याने दुसरीकडे पगार वाढवून घेतलेला असतो. किंवा तीन महिने शिकवून हात बसतो आणि सहाव्या महिन्यात राजीनामा येतो. किंवा काम काय आहे ते आल्यावर कळतं आणि मग माणूस रोज तोंड पाडून बसतो. म्हणजे या एका प्रश्नात तीन शंका आहेत: कामाची कल्पना आहे का, आमच्याकडेच का आलास, आणि टिकशील का. तुम्ही किती उत्साही आहात हे मोजायची पट्टी कुणाकडे नसते. या तीन गोष्टी मात्र पाच मिनिटांत तपासता येतात, आणि पॅनेल त्याच तपासतं.

तयारी जाहिरातीपासून सुरू करा. जेडी, म्हणजे जाहिरातीतलं कामाचं वर्णन (जॉब डिस्क्रिप्शन), छापून घ्या आणि पेन्सिलने विशेषणं खोडून टाका. ‘डायनॅमिक’, ‘टीम प्लेयर’, ‘उत्तम संवादकौशल्य’ हे सगळं जाऊ द्या, ते प्रत्येक जाहिरातीत असतं. मागे क्रियापदं उरतात: तपासणे, दाखल करणे, जुळवणे, पाठपुरावा करणे. नोकरी म्हणजे ही क्रियापदं. सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेसहा तुम्ही तीच करणार आहात.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. अंधेरीतल्या चकाल्यातली एक फ्रेट फॉरवर्डिंग कंपनी, म्हणजे दुसऱ्यांचा माल परदेशी पोचवायची व्यवस्था करणारी, पद एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशन एक्झिक्युटिव्ह, उमेदवार बी.कॉम. नेहमीचं उत्तर असं असतं: “तुमची कंपनी नामांकित आहे, मला लॉजिस्टिक्समध्ये इंटरेस्ट आहे, इथे खूप शिकायला मिळेल आणि माझी ग्रोथ होईल.” आता हेच उत्तर घेऊन एक मजला वर चढा. तिथे विमा ब्रोकरचं ऑफिस आहे असं समजू. ‘लॉजिस्टिक्स’ काढून ‘इन्शुरन्स’ घातलं की उत्तर जसंच्या तसं चालतं. जे वरच्या मजल्यावर चालतं, ते खालच्या मजल्यावर तुमच्याबद्दल काहीच सांगत नाही. शिवाय ‘शिकायला मिळेल’ या वाक्यात फायदा फक्त तुमचा आहे. पगार देऊन शिकवणी घेणारा मालक मला तरी ठाऊक नाही.

आता ते काम प्रत्यक्ष काय असतं ते पाहा. निर्यातदार इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट पाठवतो. त्यावरून शिपिंग बिलाची, म्हणजे निर्यातीसाठी कस्टम्सकडे भरायच्या कागदाची, चेकलिस्ट तयार होते: मालाचं वर्णन, आठ आकडी टॅरिफ कोड, वजन, किंमत, बंदर. निर्यातदाराने ती मंजूर केली की बिल कस्टम्सच्या आइसगेट या ऑनलाइन प्रणालीत दाखल होतं. कंटेनर न्हावाशेवा बंदरात ठरलेल्या वेळेआधी गेटच्या आत जावा लागतो, कस्टम्सची निर्यात-परवानगी मिळाली की तो जहाजावर चढतो, आणि शिपिंग लाइनकडून आलेला बिल ऑफ लेडिंगचा (बीएल, म्हणजे माल जहाजावर घेतल्याची पावती) मसुदा शब्दन् शब्द ताडून पाहावा लागतो. बिघडतं कुठे? इन्व्हॉइसवर निव्वळ वजन ११,८४० किलो आणि पॅकिंग लिस्टवर ११,४८०. दोन आकड्यांनी जागा बदलली, बस. कस्टम्सची विचारणा येते, दुरुस्ती करावी लागते, तोवर गेटची वेळ टळते आणि माल पुढच्या जहाजावर जातो. परदेशी गिऱ्हाइकाने लेटर ऑफ क्रेडिटमध्ये, म्हणजे बँकेच्या पैसे देण्याच्या हमीपत्रात, घातलेली शेवटची तारीख उलटली तर बँक कागद अडवते. तेव्हा कंपनीला तो ८४० आणि ४८० मधला फरक संध्याकाळी सहा वाजताही दिसेल असा डोळा हवा आहे.

तुमच्याकडे तो डोळा असल्याचा पुरावा शोधा. तो मोठा असायला लागत नाही. समजा कॉलेज करता करता या मुलाने दीड वर्ष एका कर सल्लागाराकडे अर्धवेळ काम केलंय. तिथे जीएसटीआर-टू-बी, म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून जीएसटी पोर्टलवर दर महिन्याला तयार होणारं विवरण, त्याच्या हाताखालून जायचं. तर उत्तर असं होईल:

“जाहिरातीत शिपिंग बिलाची चेकलिस्ट तपासणं आणि बीएलचा मसुदा जुळवणं ही मुख्य कामं दिसली. मी दीड वर्ष एका टॅक्स कन्सल्टंटकडे दर महिन्याला जीएसटीआर-टू-बी खरेदीच्या नोंदींशी जुळवत होतो. न जुळणारं बिल शोधायचं आणि पुरवठादाराला फोन करून दुरुस्त करून घ्यायचं. ते काम मला जमतं आणि त्याचा कंटाळा येत नाही. इथे अर्ज केला कारण तुमचा बराच माल रेफ्रिजरेटेड कंटेनरचा आहे असं वेबसाइटवर वाचलं. नाशवंत मालात कागद अडला तर नुकसान लगेच होतं, म्हणजे तपासणाऱ्याच्या कामाला वजन आहे. दोनतीन वर्षं हे काम पक्कं करून पुढे कस्टम ब्रोकरच्या परीक्षेकडे जायचा विचार आहे.”

मोठ्याने म्हणून पाहा, मिनिटभरात संपतं. दीड मिनिटाच्या पुढे जाऊ नका. समोरच्याने मान डोलवायचं थांबवून कागद चाळायला घेतले की तुम्ही लांबवलंय.

या उत्तराचा खरा कस त्याच्या पुढच्या प्रश्नांवर लागतो. पॅनेल विचारेल, “टू-बी कधी यायचं?” ज्याने ते केलंय तो विचार न करता म्हणेल, पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला. ज्याने अनुभव उसना आणलाय तो ‘महिन्याच्या शेवटी’ म्हणेल आणि तिथेच मुलाखत संपेल, जरी ती आणखी वीस मिनिटं चालली तरी. म्हणून उत्तरातल्या प्रत्येक दाव्याखाली दोन पायऱ्या तयार ठेवा: म्हणजे नक्की काय केलं, आणि त्यात अडलं कुठे. तिसरी पायरी सहसा कुणी उतरत नाही. ज्या वाक्याखाली एकही पायरी नाही, ते वाक्य काढून टाका, कितीही गोड असलं तरी.

आता ‘इथेच का’ साठी माहिती कुठून आणायची? कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर तिचा वार्षिक अहवाल बीएसईच्या वेबसाइटवर मिळतो. दोनशे-तीनशे पानं वाचायची नसतात. त्यातलं ‘मॅनेजमेंट डिस्कशन अँड ॲनालिसिस’ हे प्रकरण वाचा. धंदा कुठे वाढतोय आणि कसली चिंता आहे, हे कंपनी स्वतः तिथे लिहिते. त्यातला तुमच्या पदाशी जोडता येईल असा एकच मुद्दा उचला. कंपनी खाजगी, लहान असेल तर तिची वेबसाइट, तिने अलीकडे दिलेल्या इतर जाहिराती आणि जमलं तर तिथे काम करणारा एखादा माणूस, एवढं पुरे. एकाच वेळी तीन शाखांसाठी भरती चालू आहे हे जाहिरातींवरूनच कळतं. स्थापनेचं वर्ष आणि संस्थापकाचं नाव पाठ करून जाऊ नका. तुमच्या आधीच्या चौघांनी तेच म्हणून दाखवलेलं असतं.

‘टिकशील का’ ही शंका मुंबईत बरेचदा पत्त्यावरून सुरू होते. “डोंबिवलीहून रोज चकाल्याला येणार?” यावर ‘मी खूप मेहनती आहे’ असं उत्तर देऊ नका. रस्ता सांगा: फास्ट लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो वन, चकाला स्टेशन. एकच बदल, दादरला जायचं कामच नाही. त्या मार्गाने एकदा ऑफिसच्या वेळेत जाऊन या आणि घरापासून दारापर्यंत किती मिनिटं लागली ते सांगा. तो आकडा ऐकला की विषय मिटतो. शिफ्ट उशिरा सुटणार असेल तर परतीची सोय काय, हे तुम्हीच विचारा. विचारणारा माणूस येण्याचा हिशेब करून आलाय हे त्यातून दिसतं. आणि ‘घराजवळ आहे म्हणून’ हे खरं कारण असलं तर जरूर सांगा, पण शेवटच्या वाक्यात. पहिल्या वाक्यात ते आलं की जवळचं दुसरं ऑफिस मिळालं तर हा जाणार, असा अर्थ निघतो.

सरकारी बँकेचं थोडं वेगळं आहे. आयबीपीएस या बँक भरती परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर) भरतीत मुलाखत १०० गुणांची असते आणि अंतिम यादीत मुख्य परीक्षा व मुलाखत यांचं प्रमाण ८०:२० धरतात. क्लार्कला मुलाखतच नाही. पीओच्या पॅनेलसमोर इंजिनिअर बसला की “इंजिनिअरिंग सोडून बँक का?” हे ठरलेलं. ‘नोकरीची सुरक्षितता’ हे उत्तर खरं असलं तरी पांगळं आहे, कारण त्यात बँक कुठेच नाही. लघुउद्योगाच्या कर्जाकडून या. वर्कशॉपवाला लेथसाठी कर्ज मागायला आला की त्याने जोडलेलं मशिनचं कोटेशन वाचता येणं, क्षमता आणि किंमत यांचा मेळ बसतो का हे कळणं, इथे मेकॅनिकलचा माणूस उपयोगी पडतो. पण हे बोललात तर पुढचा प्रश्न थकीत कर्जावर येणार हे धरून चला. हप्ता किंवा व्याज ९० दिवसांहून जास्त थकलं की खातं एनपीए (अनुत्पादक कर्ज), एवढं तरी तोंडावर हवं. आणि बदली. देशात कुठेही जावं लागेल, ‘हो’ म्हणायच्या आधी घरी बोलून घ्या. अर्धवट ‘हो’ चेहऱ्यावर दिसतो.

स्पर्धा परीक्षेत तीनचार वर्षं गेलेली मुलं इथे नक्की असतील. तुम्हाला विचारतील, “पुढची जाहिरात आली तर?” इथे दोनच उत्तरं चालतात. परीक्षा सोडली असेल तर तारखेसह सांगा: अमुक महिन्यात शेवटचा प्रयत्न झाला, त्यानंतर मी अर्ज भरलेला नाही आणि हा हा कोर्स पूर्ण केला. सोडली नसेल तर ‘सोडली’ म्हणू नका. एखादी परीक्षा बाकी असेल तर ती सांगा, तेवढ्या दिवसांची रजा लागेल हेही सांगा. काही ठिकाणी नकार येईल. पण लपवून घेतलेली नोकरी पहिल्याच हॉल तिकिटाच्या दिवशी डोकेदुखी होते. आणि त्या वर्षांना ‘वाया गेली’ म्हणू नका, तसंच त्यांचं महाकाव्यही करू नका. एक वाक्य पुरतं.

नोकरी बदलणाऱ्यांना जुळा प्रश्न येतो: “आधीची का सोडताय?” जुनी नोकरी एका वाक्यात आटपा आणि नवी तीन वाक्यांत सांगा. जुन्या साहेबांचा स्वभाव, राजकारण, उशिरा होणारा पगार यांतलं काहीही खरं असलं तरी समोरच्याला ते पडताळता येत नाही, आणि उद्या आपल्याबद्दल हा असंच बोलेल एवढंच त्याच्या लक्षात राहतं. “तिथे माझं काम डेटा एन्ट्रीपुरतं राहिलं, तपासणीचं काम दुसऱ्या शाखेत गेलं,” असं घटनेच्या भाषेत बोला. नोटीस पिरियड किती आहे ते न विचारता सांगून टाका.

भाषेचं एक. मराठी माध्यमातली मुलं हे उत्तर थेट इंग्रजीत पाठ करतात आणि ‘मायसेल्फ अमुक’पासून सुरू करून ‘आय ॲम व्हेरी पॅशनेट’वर अडकतात. आधी मराठीत लिहा, घरच्या माणसाला सांगून बघा, त्याला काम कळलं का विचारा. मग आठ-दहा शब्दांच्या साध्या इंग्रजी वाक्यांत उतरवा. पाठ फक्त मुद्द्यांचे शब्द करा: चेकलिस्ट, टू-बी, रेफ्रिजरेटेड, चकाला. मधली वाक्यं दर वेळी थोडी वेगळी झाली तर उत्तम, पाठांतराचा सूर जातो.

मागून प्रश्न आलाय: “सर, खरं कारण पगारच असेल तर?” असू द्या की. प्रश्न ‘ही नोकरी का’ असा आहे, ‘नोकरी का’ असा नाही. पगार तर वरच्या मजल्यावरचा विमावालाही देतो. पैशांचं बोलणं त्यांनी अपेक्षा विचारली की करा, आणि तेव्हा लाजू नका. सध्याचा सीटीसी (कंपनीला तुमच्यावर वर्षाला पडणारा एकूण खर्च), हातात येणारी रक्कम आणि अपेक्षा असे तीन आकडे कागदावर लिहून न्या. बऱ्याच जणांना आपली पगाराची स्लिपच वाचता येत नाही. पीएफमधला कंपनीचा वाटा सीटीसीत धरलाय की नाही, हे आज घरी जाऊन बघा.