जोर लाव, म्हणजे कुठे?

[दृश्य: प्रसूतिकक्ष. खाटेची कड घट्ट धरलेला हात, पांढरी पडलेली बोटं. चेहरा दिसत नाही.]

"जोर लाव!" प्रसूतीच्या खोलीत हे दोन शब्द सगळ्यांच्या तोंडी असतात. डॉक्टर म्हणतात, सिस्टर म्हणते, सोबत आलेलं माणूस म्हणतं. आणि खाटेवरच्या पहिलटकरणीला कळत नसतं, जोर लावू तो कुठे? पोटात? छातीत श्वास कोंडून? की मुठी आवळून? नऊ महिने आहारावर, व्यायामावर, तपासण्यांवर भरपूर बोलणं झालेलं असतं. या शेवटच्या मेहनतीबद्दल मात्र "वेळ आली की कळेल" एवढंच सांगून तिला आत पाठवलं जातं. ते पुरेसं नाही. संकोच बाजूला ठेवून ते आधीच सांगायला हवं.

तोवरच्या कळा सोसायच्या असतात. कंबर धरून ओटीपोटात उतरणाऱ्या त्या कळांनी गर्भाशयाचं तोंड उघडत जातं. ते 10 सेंटिमीटर उघडलं की प्रसूतीचा दुसरा टप्पा सुरू होतो, म्हणजे बाळ बाहेर आणण्याचा. त्याच्या थोडं आधी पुष्कळ जणींचं अवसान गळतं. अंग थरथरतं, उलटी होते, "नाही जमणार मला, मी घरी जाते" असं तोंडून निघून जातं. अनुभवी सिस्टर ते ऐकून तिच्यावर ओरडत नाही. वेळ जवळ आली, हे तिला त्यावरूनच समजतं. काही जणींच्या कळा इथे थोड्या विरळ होतात, दोन कळांमध्ये डोळाही लागतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मिळतेय ती विश्रांती घ्यावी.

आणि मग एका कळेत सगळं बदलतं.

"मला संडासला लागलीय." बहुतेक जणी हेच म्हणतात, अगदी याच शब्दांत. खरंच तसं वाटतं, आणि ते तीव्र असतं, थांबवता न येणारं. बाळाचं डोकं खाली सरकून गुदाशयावर दाबत असतं, आणि तिथल्या नसा मेंदूला त्यांच्या ओळखीचा निरोप पाठवतात. हाच दाब पुढचं कामही करतो. त्या भागावर ताण आला की शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक जास्त स्रवतं, त्याने कळ जोरकस होते, कळेने डोकं आणखी खाली येतं, आणि ताण आणखी वाढतो. फर्ग्युसन या शास्त्रज्ञाने 1941 साली सशांवर केलेल्या अभ्यासात ही साखळी दाखवून दिली. आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

[दृश्य: ओटीपोटाच्या हाडांचं रेखाचित्र. बाळाचं डोकं खाली सरकताना आणि वळताना.]

इथे पहिलटकरीण अडते ती दुखण्याने नाही, लाजेने. सगळ्यांसमोर संडास झाली तर? म्हणून ती नेमकी तीच जागा आवळून धरते, जी सैल सोडायची असते. तेव्हा स्वच्छ सांगतो: थोडी संडास होते, पुष्कळ जणींना होते. सिस्टर कापडाने पुसून घेते, कापड बदलते, आणि कुणी त्यावर अवाक्षर काढत नाही. तसं झालं म्हणजे जोर बरोबर जागी लागतोय. ही एवढी गोष्ट आधी माहीत असली, तर किती जणींची घालमेल वाचेल!

शरीर स्वतःहून जोर लावतं तेव्हा कसं वाटतं? उलटी येताना पोट आपल्याला विचारत नाही, तसंच हे, फक्त दिशा खालची. कळ चढते, श्वास आपोआप अडतो, घशातून जाडसर हुंकार निघतो. स्वतःचाच आवाज ओळखू येत नाही. काही जणींना यात चक्क सुटल्यासारखं वाटतं, कारण इतके तास नुसतं सोसलं, आता निदान काहीतरी करता येतंय. काही जणींना मात्र हाच भाग सगळ्यांत कठीण जातो. आणि काहींना ती ऊर्मी येतच नाही, किंवा उशिरा येते. यातलं कोणतंही वाटणं चुकीचं नाही.

ऊर्मी नीट समजत नसेल तेव्हा सिस्टर तिला विचारून हातमोजा घातलेलं बोट आत खालच्या बाजूला हलकेच टेकवते आणि म्हणते, "या बोटाला बाहेर ढकल." त्या एका स्पर्शाने जे समजतं, ते दहा वेळा ओरडून समजत नाही.

हनुवटी छातीला लावून, श्वास कोंडून, दहा आकडे होईपर्यंत जोर लावायची पद्धत पुष्कळ ठिकाणी चालते. पण जागतिक आरोग्य संघटनेने 2018 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये म्हटलंय की बाईला तिच्या स्वतःच्या ऊर्मीप्रमाणे जोर लावू द्यावा. वरून पोट दाबून बाळ खाली ढकलू नये, असंही त्याच सूचना सांगतात. पाठीवर झोपूनच जोर लावला पाहिजे, असंही नाही. कुशीवर, गुडघ्या-हातांवर, उकिडवं बसून, जिला जसं सोसवेल तसं. एपिड्युरल, म्हणजे कळा कमी जाणवाव्यात म्हणून कमरेतून दिलेली भूल, घेतलेली असेल तर ऊर्मी बोथट होते, दुखणं कमी असतं आणि दाब तेवढा जाणवतो. अशा वेळी गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडल्यावरही थोडं थांबून, ऊर्मी परतली की जोर लावणं चांगलं.

कळ साधारण मिनिट-दीड मिनिट टिकते. मग ओसरते, आणि बाई गळून मागे पडते. पाण्याचा घोट, कपाळावर ओला हात, दोन शांत श्वास. पुढच्या कळेची ताकद इथे जमा होते, म्हणून या मधल्या मिनिटांत तिला उपदेश करत बसू नये.

डोकं सरळ खाली येत नाही. जोर लावला की पुढे येतं, कळ गेली की मागे सरकतं. पहिल्या बाळंतपणात हे पुष्कळदा होतं, आणि तिला वाटतं, आपली सगळी मेहनत वाया गेली. ती वाया जात नाही. दर वेळी डोकं थोडं वळतं, कवटीची मऊ हाडं एकमेकांवर सरकून वाटेच्या मापाची होतात, आणि आईचे स्नायू हळूहळू ताणले जातात. पहिलटकरणीला या टप्प्यात तीन तासांपर्यंत लागू शकतात.

[दृश्य: छोटा आरसा धरलेला सिस्टरचा हात.]

मग डोकं मागे जायचं थांबतं. आरसा धरला तर ओल्या केसांचा, सुरकुतलेला एक तुकडा दिसतो. काही जणी हात लावून बघतात आणि त्यांना एकदम हुरूप येतो. या वेळी आग होते. अगदी पेटल्यासारखी, गोलाकार, ताणाची आग. ती थोडा वेळच असते, आणि काही जणींना त्यानंतर तिथे बधिर झाल्यासारखं वाटतं. नेमकं आताच सांगितलं जातं, "जोर थांबव." इतका वेळ लाव म्हणत होते आणि आता थांबव! पण त्यामागे कारण आहे. डोकं सावकाश आलं तर कातडी ताणायला वेळ मिळतो. तोंड उघडं ठेवून भराभर छोटे श्वास सोडले की जोर आपोआप ढिला पडतो. सिस्टर गरम पाण्यात पिळलेलं कापड तिथे धरते, त्याने गंभीर फाटणं कमी होतं.

तरी थोडंफार फाटतंच. ब्रिटनमधल्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या माहितीनुसार पहिल्यांदा योनीमार्गे बाळंत होणाऱ्या 10 पैकी 9 जणींपर्यंत काही ना काही फाटतं. बहुतेक जखमा किरकोळ असतात, गरज असेल तिथे टाके घालतात. वाट मोठी करायला योनीच्या तोंडाशी मुद्दाम देतात तो छेद सर्वांनाच सरसकट देण्याची गरज नाही.

डोकं बाहेर आलं की क्षणभर सगळं थांबतं. पुढच्या कळेत खांदे येतात, आणि मग बाकीचं अंग सुळकन, ऊन-ओलं. एवढा मोठा दाब एका झटक्यात नाहीसा होतो.

कधी जोर पुरत नाही, बाळाचे ठोके मंदावतात, डोकं अडतं. मग व्हॅक्यूमच्या वाटीने किंवा चिमट्याने डोकं धरून बाळ बाहेर काढावं लागतं, नाहीतर सिझेरियन करावं लागतं. तिथे बाई कमी पडली असं कुणी म्हणू नये, अगदी हळू आवाजातसुद्धा.

बाळ छातीवर ठेवल्यावर सगळ्यांनाच लगेच भरून येतं असं नाही. काही जणी रडतात, काही हसतात, काहींना फक्त थकवा जाणवतो आणि माया नंतर सावकाश येते. पाय थडथडा उडतात, थंडी वाजते. अंगावर पांघरूण मागून घ्यावं. थोड्या वेळाने वार, म्हणजे नाळ जिला जोडलेली असते ती, पडायची असते, त्यासाठी पुन्हा हलका जोर लावायला सांगतात. तिला वाटतं, परत तेच? पण वार मऊ असते, तिला हाडं नसतात, ती सहज निघते.

या सगळ्याचा क्रम नंतर अनेकींना आठवत नाही. तास मिनिटांसारखे वाटलेले असतात, मिनिटं तासांसारखी. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना किंवा सिस्टरला विचारावं: केव्हा काय झालं, छेद का दिला, किती टाके पडले? हे विचारायचा तिला पूर्ण हक्क आहे, आणि उत्तर खाटेशेजारी बसून, सावकाश द्यायला हवं.