टँकरची गोष्ट : एमबीए प्रवेशाच्या गटचर्चेची तयारी

श्रोतेहो, नमस्कार.

नोव्हेंबरअखेर कॅट ही एमबीएची प्रवेशपरीक्षा होते, डिसेंबरात तशीच स्नॅप होते, आणि जानेवारी उजाडला की माझ्याकडे मुलांचे फोन सुरू होतात. "मॅडम, कॉल आलाय. जीडी आहे. पंधरा दिवस हातात आहेत." कॉल म्हणजे संस्थेचं पुढच्या फेरीचं बोलावणं, आणि जीडी म्हणजे गटचर्चा : काही उमेदवारांना एकत्र बसवून एका विषयावर बोलायला लावतात आणि परीक्षक बघतात. आज मला या पंधरा दिवसांबद्दल बोलायचं आहे, आणि त्याहून जास्त त्यांच्या आधीच्या पाच-सहा महिन्यांबद्दल. तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात मी शिकवते. शनिवारी दुपारी वर्ग रिकामा असतो. तिथे गेली अकरा वर्षं आम्ही खुर्च्या गोल मांडून बसतो. जे सांगणार आहे ते त्या खुर्च्यांवर बसून कळलेलं आहे.

एक गोष्ट आधी सांगते, कारण पालकांची इथे गल्लत होते. आपल्या राज्याच्या एमबीए सीईटीतून जे केंद्रीय प्रवेश होतात, त्यांत गटचर्चा नसते. बहुतेक आयआयएमनीही २०१२च्या आसपास गटचर्चा सोडली आणि तिच्या जागी लेखी चाचणी, म्हणजे वॉट, आणली. त्यामुळे 'जीडी संपली' असं सांगणारे भेटतात. ती संपलेली नाही, तिची रूपं बदलली. पुण्यात सिम्बायोसिसच्या काही संस्थांमध्ये ती ग्रुप एक्सरसाइज या नावाने येते. मुंबईच्या एस. पी. जैनमध्ये मुलाखतच काही उमेदवारांची एकत्र घेतात. काही ठिकाणी केस, म्हणजे एखाद्या धंद्यापुढचा पेच लिहून देतात आणि तिच्यावर बोलायला लावतात. ज्या संस्थेचा कॉल आला असेल, तिचं त्या वर्षीचं पत्रक स्वतः वाचा. मागच्या वर्षीच्या सीनियरने सांगितलेलं पुरत नाही.

परदेशातही हे आहे. अमेरिकेतल्या व्हार्टन या व्यवस्थापन संस्थेने २०१२ मध्ये टीम बेस्ड डिस्कशन सुरू केलं. पाच-सहा उमेदवार, विषय आधी कळवलेला, वेळ ३५ मिनिटं. सुरुवातीला प्रत्येकाला आपली कल्पना मांडायला एक मिनिट, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून एकच प्रस्ताव द्यायचा. मग प्रत्येकाची दहा मिनिटांची वेगळी मुलाखत. यात खरी मेख कुठे आहे बघा. सहा जण आपापली कल्पना घासूनपुसून घेऊन येतात, आणि खोलीतून बाहेर जाते ती एक. बाकीच्यांना स्वतःची कल्पना खाली ठेवून दुसऱ्याच्या कल्पनेत जीव ओतावा लागतो. परीक्षक बघत असतात ते हे.

आणि ही मेख मुद्दाम ठेवलेली आहे. या चाचण्यांचं मूळ लष्करात सापडतं. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून, ब्रिटिश सैन्याने अधिकारी निवडायला नवी मंडळं नेमली. तिथे विल्फ्रेड बायन नावाचे मनोविकारतज्ज्ञ होते. त्यांनी काही उमेदवारांना एकत्र काम द्यायचं आणि नेता मात्र नेमायचा नाही, अशी पद्धत बसवली. प्रत्येकाला आपण उठून दिसावं असं वाटतं, आणि काम तर सगळ्यांनी मिळून केल्याशिवाय होत नाही. या ओढाताणीत माणूस कसा वागतो, ते त्यांना बघायचं होतं. आपल्या सैन्यदलांसाठी अधिकारी निवडणाऱ्या एसएसबीत आजही फळी आणि दोर घेऊन अडथळा ओलांडायला लावतात, ते त्याच घराण्यातलं. मी मुलांना सांगते, घशाला कोरड पडली, 'मी बोलू की त्याला बोलू देऊ' असं झालं, तर समजा की परीक्षा सुरू झाली.

आता आमच्या वर्गातली एक दुपार सांगते.

मी एक केस लिहून दिली होती. एका दूध संघाची ४० संकलन केंद्रं, त्यातली १२ तोट्यात. संचालक म्हणतात, बाराही बंद करा. तुम्ही काय सांगाल? सोबत एक तक्ता : कुठल्या केंद्रावर किती लिटर दूध, टँकरचा मार्ग कुठला, खर्च किती. आठ मुलं, वीस मिनिटं.

पहिल्या मिनिटालाच दोन तट पडले. एकीकडे 'धंदा म्हणजे धंदा', दुसरीकडे 'शेतकऱ्याचं काय'. आवाज चढले. मुलांच्या भाषेत फिश मार्केट झालं. कोपऱ्यात एक मुलगा होता, उदगीरकडचा. तो तक्त्यावर बोट ठेवून हळू म्हणाला, "यातली पाच केंद्रं एकाच टँकरच्या वाटेवर आहेत..." वाक्य पुरं व्हायच्या आत त्याच्यावरून दुसरा बोलून गेला. तो गप्प झाला तो झालाच.

चार-पाच मिनिटं गेली. मग एक मुलगी, तोवर फारसं न बोललेली, म्हणाली, "मघाशी हा टँकरचं काहीतरी सांगत होता. ते राहिलं. आधी ते ऐकूया." सगळे थांबले. त्याने सांगितलं : पुढची नफ्यातली केंद्रं त्याच रस्त्यावर आहेत, म्हणजे टँकर तिथून जाणारच. ही पाच बंद केली तर डिझेल वाचत नाही, फक्त दूध जातं. मग चर्चेचा नूरच पालटला. बारा केंद्रांचे दोन गट झाले, सात आणि पाच. सातांपैकी जवळजवळची कुठली जोडता येतील, यावर मुलं कागद ओढून आकडे मांडायला लागली. वीस मिनिटं संपली तेव्हा त्यांच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी होतं.

त्या मुलीने स्वतःचा म्हणून एकही मुद्दा मांडला नव्हता. तरी त्या दिवशी मी पॅनेलवर असते, तर पहिलं नाव तिचं लिहिलं असतं, आणि दुसरं त्या मुलाचं. त्याला मात्र नंतर बाजूला घेऊन सांगितलं : "बाळा, तक्ता तू बघितलास. पण पुढच्या वेळी कुणी मध्ये बोललं तर त्याचं होऊ दे, आणि लगेच परत म्हण. एकदा म्हणून सोडायचं नाही. तुझ्याकडे माहिती आहे आणि गटाला ती हवी आहे."

आपल्याकडच्या मुलांची एक अडचण मला फार जवळून दिसते. महाराष्ट्रात वक्तृत्व स्पर्धा शाळेपासून. ढाल आणलेल्या मुलांचा मला अभिमान आहे. पण वक्तृत्वात पाच मिनिटं तुमची असतात, मध्ये कुणी बोलत नाही, आणि सुरुवात-शेवट पाठ असतो. वादविवादात बाजू आधीच ठरलेली, ती सोडली की हरलात. ही सवय घेऊन मूल गटात बसतं आणि समोरच्याचं म्हणणं पटलं तरी ते मान्य करायला कचरतं. "तुझं बरोबर आहे, माझा मुद्दा मी मागे घेतो," हे वाक्य म्हणायला माझ्या ढालवाल्या मुलांना महिना-महिना लागतो. ते जमलं की त्यांचा आवाज, शब्दांवरची पकड, सगळं कामाला येतं.

दुसरी अडचण इंग्रजीची. मराठी माध्यमातलं मूल मुद्दा मराठीत पकडतं, मनात इंग्रजी वाक्य जुळवतं, तोवर चर्चा पुढे गेलेली असते. यावर आम्ही काय करतो, तर एकच केस दोनदा घेतो. आधी मराठीत, मनमोकळी, अर्धा तास. चहा होतो. मग तीच केस इंग्रजीत. मुद्दे तयार असतात, भीती निम्मी होते. शिरकाव करायला लहान वाक्यं लागतात, तेवढी तोंडात बसवतो : 'कॅन वी चेक द टेबल?', 'लेट हर फिनिश'. मोठी, सजवलेली वाक्यं पाठ करू नका. रोज शंभर मुलांना ऐकणाऱ्या परीक्षकाला क्लासमधलं पाठांतर पहिल्या ओळीला कळतं.

वाचनाबद्दल. पोरं चालू घडामोडींची पुस्तकं घेतात आणि सगळ्या विषयांवर दोन-दोन ओळी गोळा करतात. त्यापेक्षा आठवड्याला एक विषय घ्या आणि त्याच्या मुळाशी जा. तुमच्या मातीतला विषय असेल तर फारच उत्तम. केंद्राने डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात थांबवली आणि मे २०२४ मध्ये पुन्हा खुली केली, पण किमान दराची आणि शुल्काची अट घालून. दिल्ली-बंगळूरची हुशार मुलं यावर मतं देतील. निफाडच्या मुलाला चाळीत कांदा किती दिवस टिकतो, किती सडतो, लासलगावला भाव पडला की घरात काय बोलणं होतं, हे माहीत असतं. त्याने ते सांगावं. पण तिथेच थांबू नये. शहरात महिन्याचा खर्च मोजणाऱ्या बाईची बाजू आणि निर्यातदाराच्या तुटलेल्या सौद्याची बाजूही त्याच्याच तोंडून यावी. स्वतःच्या घरचं दुखणं असूनही जो दुसऱ्याची बाजू नीट मांडतो, त्याचं ऐकायला अख्खा गट वळतो. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

कपडे, बसणं, हातवारे यांवर क्लासवाले तास घेतात. स्वच्छ शर्ट घाला, बोलताना गटाकडे बघा, परीक्षकांकडे नको. पुरे.

चर्चा ऑनलाइन असेल तर एक लक्षात घ्या. आवाज अर्धा सेकंद उशिरा पोचतो, त्यामुळे दोघं एकदम बोलतात. अशा वेळी समोरच्याचं नाव घेऊन "तुम्ही बोला" म्हणा आणि त्याचं झालं की लगेच सुरू करा. नावं सुरुवातीलाच कागदावर लिहून ठेवा. गावाकडे वीज आणि नेट यांचा भरवसा नसतो, तर दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला फोन शेजारी चार्ज करून ठेवा.

आणि सरावासाठी क्लासच लागतो असं नाही. सहा जण जमवा. एकाला बोलायला न लावता नुसतं बघायला बसवा, दर वेळी वेगळ्याला. त्याने दोनच गोष्टी टिपायच्या : कुणाचा मुद्दा सांडला, आणि तो कुणी उचलला. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून ऐका. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकताना अवघडल्यासारखं होतं. माझ्या उदगीरच्या मुलाने तर कानांवर हात ठेवले होते. तिसऱ्या शनिवारी तो स्वतःच म्हणाला, "मॅडम, परत मागे घ्या, इथे मी तिचं बोलणं तोडलंय."

नमस्कार.