निवडून आलेले, पण कागदावर नेमलेले

सातबाऱ्यावर कधी 'नवीन शर्त' असे दोन शब्द दिसतात. अशी जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही. या शब्दांचं मूळ शोधत गेलं, की आपण १९०१ सालच्या मुंबई कायदे कौन्सिलात, म्हणजे मुंबई इलाख्याचे कायदे करणाऱ्या सभेत, पोहोचतो.

कौन्सिल १८६२ पासून भरत होतं. नाना शंकरशेट पहिल्या भारतीय सभासदांपैकी एक. पण सगळेच नेमलेले. समोर आलेल्या विधेयकावर बोलायचं. सरकारला साधा प्रश्नही विचारायची सोय नव्हती.

१८९२ च्या कायद्याने प्रश्न विचारता येऊ लागले आणि लोकांची माणसंही आत आली. कशी? मुंबई म्युनिसिपालिटी, विद्यापीठ, लोकल बोर्डं यांनी मतं घालून एक नाव ठरवायचं, ते शिफारस म्हणून पाठवायचं, आणि नेमणूक गव्हर्नरांनी करायची. 'निवडणूक' हा शब्द त्या कायद्यात नाहीच! लोक मात्र सरळ म्हणत, टिळक निवडून आले. १८९५ साली मध्य विभागाच्या लोकल बोर्डांनी टिळकांना पाठवलं, १८९७ साली पुन्हा पाठवलं. त्याच वर्षी जुलैत राजद्रोहाच्या आरोपावरून त्यांना अटक झाली.

आणि मग ऑगस्ट १९०१. दुष्काळाने रयत मोडलेली, सारा थकलेला. गव्हर्नर लॉर्ड नॉर्थकोट यांच्या सरकारने जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती आणली. साऱ्याच्या थकबाकीपायी सरकारजमा झालेली जमीन पुन्हा कसायला देताना ती विकण्याचा, गहाण टाकण्याचा हक्क काढून घेता येणार होता. सरकार म्हणे, सावकारापासून रयत वाचेल. सावकारी पाश खराच होता, हे मान्य करायला हवं. पण जमीन तारण ठेवता येत नसेल, तर पेरणीच्या तोंडावर बियाण्याला पैसे देणार कोण? शेतकऱ्याची पत आणि मालकी, दोन्ही जाणार होती.

फिरोजशहा मेहतांनी विधेयक पुढे ढकलायची सूचना मांडली. सरकारी मतांपुढे ती पडली. मेहता उठले आणि बाहेर पडले. मग गोपाळ कृष्ण गोखले उभे राहिले. जेमतेम पस्तिशीचे, शब्द तोलून बोलणारे. इथे नुसतं बसून राहिलो तरी या कायद्याची जबाबदारी माझ्यावर येते, अशा अर्थाचं बोलून तेही निघाले. आणखी काही सभासदही बाहेर पडले. कागदावर नेमलेली ही माणसं त्या दिवशी रयतेची म्हणून उठली होती.

विधेयक मंजूर झालं. परवानगीशिवाय विकता न येणारी ती जमीन म्हणजेच 'नवीन शर्ती'ची जमीन.